क्विंटलला तोळा? कापसाच्या मापानं मोजलेली महागाई



दसऱ्याच्या सुमारास पहिली वेचणी घरात आली की एक मेसेज सगळ्या ग्रुपवर फिरायला लागतो. १९७२ साली एक क्विंटल कापूस विकला की एक तोळा सोनं यायचं, आज तोळ्याला बारा-पंधरा क्विंटल कापूस लागतो, बघा शेतकऱ्याची काय दशा केली. खाली हात जोडलेले आणि रडणारी तोंडं. यंदा मला तो चौदा जणांनी पाठवला, त्यात दोघं कृषी सहायक होते.

आकडा खोटा नाही. ७२ च्या आसपास १० ग्रॅम सोनं २०० रुपयांच्या घरात होतं आणि बऱ्या कापसाचा भाव त्याच्याच मागंपुढं होता. तोळा म्हणजे खरा ११.६६ ग्रॅमचा, आपण आता दहा ग्रॅमलाच तोळा म्हणतो, तो फरक सोडून देऊ. पण माझं म्हणणं असं की हे माप धरून आपण आपलाच हिशेब चुकवतो. कुठं तोटा झाला आणि कुठं नाही, हे सोन्याच्या काट्यावर कळतच नाही.

सोन्याची गोष्ट वेगळी आहे. १९७१ पर्यंत जगात सोन्याचा भाव अमेरिकेनं बांधून ठेवला होता, औंसाला ३५ डॉलर. ऑगस्ट ७१ मध्ये तिथल्या निक्सन साहेबानं ते दावं सोडलं. आपल्याकडं बाहेरून सोनं आणायला बंदी होती, सुवर्ण नियंत्रण कायदा होता, त्यामुळं आपला भाव जगापेक्षा वरच होता. पण दावं सुटल्यावर इथंही सोनं उधळलं. ७२ ला २०० च्या घरातलं सोनं ८० साली १,३०० च्या पुढं गेलं. आठ वर्षांत सहापट! त्या आठ वर्षांत कापूस, ज्वारी, मजुरी, मास्तरचा पगार, यातलं काहीच सहापट झालं नाही. म्हणजे मेसेजवाल्यानं नेमकं दावं सुटायच्या वेळचं वर्ष धरलंय. सोन्याच्या मापानं मोजलं तर जगातला जवळपास प्रत्येक माणूस गरीब झाला असं निघेल.

शिवाय सोनं आपण घेतो किती वेळा? पोरीच्या लग्नाला, सुनेच्या अंगावर घालायला, आणि लई तर एखाद्या चांगल्या साली. रोजच्या जगण्याला लागतं ते खत, बी, मजूर, किराणा, दवाखाना, शाळा. मोजायचं तर ते मोजा.

आपले जुने लोक रुपयात मोजतच नव्हते. माप होतं पायलीचं आणि शेराचं, मणाचं आणि खंडीचं. ती पायलीसुद्धा दर चार कोसांवर वेगळी, त्यामुळं सोयरीक जुळवताना "तुमच्याकडची पायली केवढी" हे विचारून घ्यावं लागे. रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे. १ एप्रिल १९५७ ला शंभर नव्या पैशांचा रुपया झाला, त्याच सुमारास किलो-मीटरचा कायदा आला. पण माझ्या आजीनं मरेपर्यंत पंचवीस पैशाला चार आणेच म्हटलं. तिला एखादी वस्तू महाग की स्वस्त हे सांगायचं असेल तर ती म्हणायची, "दोन पायल्या जवारी गेली त्याच्यात." हेच माप बरोबर होतं. नोटेवरचा आकडा फुगत जातो, पण घरातून धान्य किती गेलं ते लपत नाही.

म्हणून मी हिशेब कापसात केला. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव धरला. यार्डातला भाव कधी हमीभावाच्या वर असतो, बरेचदा खाली असतो. २०२२ च्या सुरुवातीला त्यानं दहा हजारांचा आकडा ओलांडला आणि मग तो खाली आला ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. पण तुलना करायला एक ठरलेला आकडा लागतो, म्हणून हमीभाव. वर्षं धरली २०००-०१ आणि २०२५-२६, कारण या पंचवीस वर्षांचा व्यवहार माझ्या हातानं झालाय. २०००-०१ ला हमीभाव होता १,८२५ रुपये. यंदा आहे ८,११०. म्हणजे जवळपास साडेचारपट.

आता खत घ्या. इथं मला स्वतःलाच नवल वाटलं. २००८-०९ ला कापसाचा हमीभाव एकदम २,०३० वरून ३,००० वर गेला होता. तेव्हा डीएपीचं पोतं ४६७ रुपये ५० पैशाला. म्हणजे एका क्विंटलमध्ये सहा पोती आणि वर थोडे पैसे. मग एप्रिल २०१० पासून युरिया सोडून बाकी खतांचं अनुदान पोषकद्रव्यावर बांधलं आणि कंपन्यांना भाव ठरवायची मोकळीक मिळाली. २०१२ च्या सुमारास तेच पोतं बाराशेच्या घरात गेलं. त्या साली हमीभाव ३,९००, म्हणजे क्विंटलला सव्वातीन पोती. तेव्हाची ओरड खरी होती, अगदी खरी. पण आज? पोतं १,३५० आणि कापूस ८,११०. परत सहा पोती. म्हणजे डीएपीपुरतं आपण फिरून २००८ च्याच जागी आलोत.

युरियाचं तर उलटंच आहे. २०१० पूर्वी ५० किलोचं पोतं २४१ रुपये ५० पैशाला होतं, आज ४५ किलोचं २६६ रुपये ५० पैशाला. किलोमागं रुपयाभराचा फरक. २०१८ ला पोतं पाच किलोनं हलकं केलं त्यामागचा विचार सरळ होता: शेतकरी किलोवर खत टाकत नाही, पोत्यावर टाकतो. एकरी दोन पोती म्हणजे दोन पोती. पोतं हलकं केलं की आपोआप युरिया कमी पडेल. आमच्या भागात तरी लोकांनी तिसरं पोतं फोडायला सुरुवात केली, तो भाग वेगळा.

बियाण्याचंही तसंच. २००२ साली बीटी आली तेव्हा एक पाकीट सोळाशेच्या आसपास होतं आणि क्विंटलचा हमीभाव १,९०० च्या आत. म्हणजे एका पाकिटात जवळजवळ क्विंटलभर कापूस जायचा. २००६ ला आंध्र सरकार त्या किमतीविरुद्ध मक्तेदारी आयोगाकडं गेलं आणि त्या राज्यानं ७५० चा दर बांधला, मग आपल्याकडंही भाव उतरला. पुढं केंद्रानंच दर ठरवायला घेतला. यंदा बीजी-२ चं पाकीट ९०१ रुपये. एका क्विंटलमध्ये नऊ पाकिटं येतात.

मग काय, स्वस्ताईच झाली म्हणायची? थांबा. इथंच खरी मेख आहे.

माझ्या लहानपणी बियाण्याला पैसेच लागत नव्हते. जिनातून सरकी यायची किंवा घरचीच निवडून ठेवलेली असायची. शेणामातीत घोळायची, हातानं चोळायची म्हणजे दाणा सुटा व्हायचा, आणि पेरायची. १९७० ला सुरतच्या संशोधन केंद्रातून डॉ. सी. टी. पटेल यांनी एच-४ आणला, जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस. उत्पन्न वाढलं, पण संकरित म्हटल्यावर बी दर साली विकत घेणं आलं. तरी नव्वदीतसुद्धा आमच्याकडं एलआरए ५१६६ सारखे सरळ वाण होते, त्यांचं बी घरचं चालायचं. बीटीनंतर ते संपलं. म्हणजे बियाण्याचा भाव सोळाशेवरून नऊशेवर आला हे जेवढं खरं, तेवढंच तो शून्यावरून नऊशेवर गेला हेही खरं. कुठलं वर्ष धरता त्यावर आहे.

असं एकट्या बियाण्याचं नाही. ज्याला कधी भाव नव्हता त्याला भाव आला, ही या पन्नास वर्षांतली खरी महागाई आहे असं माझं मत झालंय. ती कुठल्याच निर्देशांकात नीट दिसत नाही, कारण निर्देशांक विकत घेतलेली वस्तू मोजतो. घरचं होतं ते त्यात आलंच नव्हतं, मग ते गेलं हे कळणार कसं.

ज्वारीचं बघा. आमच्या गावात नव्वदीपर्यंत प्रत्येक वावरात थोडीफार ज्वारी असायचीच. ज्वारीची भाकर माणसाला आणि कडबा बैलाला. बैल वखरायला, डवरायला, बंडीला. बैलाचं आणि गाईचं शेण खताला. एकच धागा होता तो. मग ज्वारी मागं पडली. कारणं सगळ्यांना माहीत आहेत. रानडुकरं आणि पाखरं राखायला माणूस नाही, सोंगणीला मजूर मिळत नाही, आणि त्याच वावरात सोयाबीन घेतलं तर तीन साडेतीन महिन्यांत नगदी पैसा. रेशनवर गहू-तांदूळ मिळायला लागल्यावर घरात भाकरीच्या जागी पोळी आली. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं गहू दोन रुपये, तांदूळ तीन रुपये किलो झाला, आणि जानेवारी २०२३ पासून तर फुकट. पोटापुरतं बघितलं तर हे चांगलंच झालं.

पण ज्वारी गेली तसा कडबा गेला. कडबा विकत घेऊन बैल पोसणं परवडेना, तसे बैल गेले. आमच्या गावात माझ्या मोजणीनं पंचाण्णव साली पासष्ट-सत्तर जोड्या होत्या, आज अकरा आहेत. पोळ्याला तोरणाखाली आता ट्रॅक्टरच जास्त दिसतात. बैल गेले तसं शेणखत गेलं, आता ट्रॉलीच्या भावानं दुसऱ्या गावाहून आणतो. नांगरणी, वखरणी, पेरणी सगळं भाड्यानं, आणि पाऊस पडला की सगळ्यांना एकाच दिवशी ट्रॅक्टर पाहिजे, म्हणजे भाडं तो मागेल ते. तुम्ही म्हणाल ट्रॅक्टरनं काम लवकर होतं. होतं की. पण पूर्वी त्या कामाला लागायचा तो आपला घाम आणि घरचा कडबा, आता लागतं ते डिझेल. डिझेलचा भाव २०१४ पासून बाजारावर सोडलेला आहे. बैलाच्या वैरणीचा भाव आखाती देशात ठरत नव्हता.

बलुत्याचंही तसंच. सुतार तिफन-वखर नीट करून द्यायचा, लोहार फाळ शेवटायचा, चांभार मोट-जोडे शिवायचा, नाव्ही वर्षभर हजामत करायचा, आणि सुगीला खळ्यावरून सगळे आपापल्या वाट्याचं धान्य न्यायचे. पीक कमी झालं तर बलुतंही कमी. आजच्या भाषेत सांगायचं तर ही मंडळी आपला धोका वाटून घेत होती. पण याचं गुणगान गाणारे बहुतेक धान्य देणाऱ्याच्या घरातले असतात, हेही सांगतो. घेणाऱ्याला भाव ठरवायचा अधिकार नव्हता, काम नाकारायचाही नव्हता, आणि जातीनं ते गळ्यात बांधलेलं होतं. ज्यांच्या आज्यानं ते केलं त्यांच्या नातवाला विचारा, कोणाला ते परत पाहिजे नाही. आता वेल्डिंगवाला दोनशे मागतो आणि रोख मागतो, तो त्याचा हक्क आहे. पण आपल्या खर्चाच्या वहीत ती रोख रक्कम नवीन आहे.

आता मजुरीवर येतो. हा विषय काढला की यार्डातल्या चहाच्या टपरीवर भांडणं होतात.

२००० च्या सुमारास आमच्याकडं बाईची मजुरी पंचवीस-तीस रुपये होती. एका क्विंटल कापसात बायांचे साठ-पासष्ट रोज बसायचे. आज मजुरी अडीचशे-तीनशे. क्विंटलमध्ये एकोणतीस-तीस रोज बसतात. निम्म्याहून कमी. खतात आपण मागं गेलो नाही, बियाण्यात गेलो नाही, मागं गेलो ते इथं. कापूस साडेचारपट झाला आणि मजुरी दहापट. आणि कापूस हे असं पीक आहे की त्याला निंदणापासून वेचणीपर्यंत माणसाचा हात लागतोच. गव्हाला हार्वेस्टर आलं, सोयाबीनला आलं, आपल्या पऱ्हाटीला अजून वावरात चालेल असं वेचणी यंत्र नाही. बोंडं एकदम फुटत नाहीत, तीन-चार वेचण्या कराव्या लागतात.

वेचणीचा दर तेव्हा किलोला सव्वा रुपयाच्या आसपास होता, आता दहा-अकरा, शेवटच्या फरदडीला तर पंधराही द्यावे लागतात. क्विंटलला हजार रुपये वेचाईत जातात.

यावर लगेच बोलणं निघतं की मजूर माजले, फुकटच्या धान्यानं आळशी झाले. मला हे पटत नाही, आणि का पटत नाही तेही ज्वारीच्याच मापानं सांगतो. २०००-०१ ला ज्वारीचा हमीभाव ४४५ होता. अठ्ठावीस रुपयांच्या मजुरीत सहा किलोच्या थोडी वर ज्वारी. यंदा संकरित ज्वारीचा हमीभाव ३,६९९. पावणेतीनशेच्या मजुरीत साडेसात किलोच्या आत. पंचवीस वर्षांत त्या बाईच्या पदरात किलो-सव्वा किलो ज्वारी जास्त पडली, बस्स. तिची मजुरी दहापट झाली ती धान्य आठपट झालं म्हणून. उन्हात आठ तास वाकून वेचायचं, कमरेला ओझं बांधून. त्याबद्दल एवढीशी वाढ. याच्यावर कोणी माजत नसतं.

त्याच्या मागं गेलं तर अजून स्पष्ट होतं. ७२ च्या दुष्काळात माझे वडील आणि काका पाझर तलावाच्या कामावर जायचे, माती टाकायला. रोजाला तीन रुपयांच्या आसपास मिळायचे. अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी खायची, सुकडी मिळायची. त्या दुष्काळी कामांतूनच रोजगार हमी उभी राहिली, ७७ ला तिचा कायदा झाला. २०२५-२६ ला मनरेगाची महाराष्ट्रातली मजुरी ३१२ रुपये होती. तीनाचे तीनशे बारा म्हणजे शंभरपट दिसतं, पण त्या तीन रुपयांत एका घराची दिवसाची भाकर जेमतेम निघत होती हे त्यात दिसत नाही. त्या दिवसांशी तुलना करून आजच्या मजुराला जास्त मिळतं असं म्हणणं मला बरोबर वाटत नाही.

म्हणजे प्रश्न मजुरी जास्त झाली हा नाही. कापूस मागं राहिला हा आहे. आणि तो फक्त सोन्याच्या मागं नाही राहिला, आपल्याच बांधावरच्या पिकांच्या मागं राहिला. २०००-०१ ला तुरीचा हमीभाव १,२०० होता, कापसाच्या दोनतृतीयांश. यंदा तूर ८,०००, कापसाच्या बरोबरीला आली. ज्वारी आठपट, तूर पावणेसातपट, कापूस साडेचारपट. कापसाचा भाव शेवटी जगाच्या बाजाराला आणि पॉलिएस्टरला बांधलेला आहे. तुरीला आपलं देशातलं वरण आहे.

नोकरदाराच्या पगाराशी तुलना नेहमी होते, ती मात्र मला रास्त वाटते. पाचव्या वेतन आयोगात, १९९६ ला, केंद्राच्या सगळ्यात खालच्या शिपायाचं मूळ वेतन २,५५० होतं. सातव्यात, २०१६ ला, १८,०००. वीस वर्षांत सातपट, आणि महागाई भत्ता वर्षातून दोनदा वेगळा. कापूस पंचवीस वर्षांत साडेचारपट. शिपायानं ते चोरलं नाही, त्याच्या संघटनेनं मिळवलं. महागाई वाढली की त्याचा भत्ता आपोआप वाढतो, आपल्याला तसा भत्ता नाही. कृषी मूल्य आयोग १९६५ पासून आहे, हमीभाव दर साली जाहीर होतो, पण तो भाव यार्डात मिळेलच असं नाही. शरद जोशींनी ८० साली चाकणच्या कांद्यापासून रास्त भावाचा एककलमी कार्यक्रम काढला तेव्हा आमच्या गावातले म्हातारे बंड्या जुंपून मोर्चाला गेले होते. त्यांचं काही चुकलं नव्हतं. पण तेव्हाच्या घराचा खर्च आणि आजच्या घराचा खर्च यांचा आकारच बदलला, आणि नुसता भाव त्याला पुरत नाही.

सरकारचाच खर्चाचा सर्व्हे बघा. १९९९-२००० ला खेड्यातलं कुटुंब शंभरातले एकोणसाठ रुपये खाण्यावर घालवत होतं. २०२२-२३ ला ते शेहेचाळीसवर आलं. शहाण्या माणसाला हे प्रगतीचं लक्षण वाटेल, आणि अर्धं ते आहेच. भाजी, दूध, अंडी जास्त खातो आपण. माझ्या लहानपणी भात सणाला व्हायचा. पण उरलेले चोपन्न रुपये जातात कुठं? मोबाईलचा रिचार्ज घरात चार. पेट्रोल. पोराची तालुक्याच्या शाळेची फी आणि गाडीभाडं. दवाखाना. बचत गटाचा हप्ता, गाडीचा हप्ता. यातली एकही गोष्ट अशी नाही की पीक बुडालं म्हणून यंदा अर्धीच द्या. बलुत्याला ते चालायचं. शाळेच्या फीला चालत नाही.

आणि शेवटी जमीन. हा आकडा मेसेजमध्ये कधीच नसतो. १९७०-७१ च्या कृषी गणनेत महाराष्ट्रात एका खातेदाराकडं सरासरी ४.२८ हेक्टर होती, म्हणजे साडेदहा एकर. २०१५-१६ ला १.३४ हेक्टर, सव्वातीन एकर. माझ्या आजोबांच्या सातबाऱ्याचे आज नऊ सातबारे झालेत. क्विंटलला किती सोनं येतं हे विचारताना घरात क्विंटल किती येतात हेही विचारायला पाहिजे.

तो हिशेब माझ्या वावराचा सांगतो, कोरडवाहू, मध्यम जमीन, यंदाचा. एकरी उतारा सात क्विंटल धरला, हा चांगल्या सालचा. नांगरणी-वखरणी-पेरणीचे साडेतीन हजार, दोन पाकिटं बी अठराशे, खत चार हजार, फवारणी साडेतीन-चार हजार, निंदण-डवरणी पाच हजार, वेचाई सात हजार, गाडीभाडं-हमाली हजार. साधारण सव्वीस हजार. हमीभावानं ५६,७७० येतात, यार्डात सातच हजार मिळाले तर ४९,०००. घरच्या माणसांचे रोज आणि जमिनीचं भाडं न धरता एकरी तेवीस ते तीस हजार उरतात. सव्वातीन एकरावर वर्षाचे पाऊण ते एक लाख. महिन्याला सहा ते आठ हजार. चार क्विंटलचं साल आलं, म्हणजे बोंडअळीचं किंवा ऐन फुटीत पाऊस पडल्याचं, तर वेचाई थोडी वाचते, पण बाकी खर्च तोच. उरतात पाच ते नऊ हजार एकरी, आणि त्यात शाळेची फी सुद्धा निघत नाही.

कापसाच्या मापानं बघितलं तर सातातले सव्वातीन क्विंटल वावरच खातं. आजोबांच्या वेळी एकरी दोन-अडीच क्विंटलच व्हायचा, पण त्यातलं वावर फार काही खात नव्हतं, कारण बी घरचं, बैल घरचे, खत घरचं, माणसं घरची. सालदार होता त्यालाही निम्मं धान्यातच ठरवलेलं असायचं, पाडव्याला. उतारा तिपटीजवळ गेला आणि हातात राहतं ते पावणेचार क्विंटल.

कृषी खात्यातले जे मित्र हे पान वाचतात त्यांना एक सांगणं आहे. शिवारफेरीत एकरी उतारा विचारता तसा "खर्चात किती क्विंटल गेला" हेही विचारत जा. रुपयात सांगताना माणूस विसरतो, वाढवतो, लपवतो. क्विंटलमध्ये विचारलं की बरोबर सांगतो.

कोणाच्या घरी ८० किंवा ९० सालची कृषी केंद्राची बिलं, जिनाच्या पावत्या किंवा सालदार ठरवल्याच्या नोंदी असतील तर फोटो टाका. मजुरीचे आकडे माझ्या आठवणीतले आणि गावातल्या चार जाणत्यांना विचारून घेतलेले आहेत, तुमच्या तालुक्यात वेगळे असू शकतात. वेचणीचा दर आमच्याकडं यंदा दहावर ठरला. सोमवारपासून दुसरी वेचणी आहे, तेव्हा बाया बारा मागणार असं कानावर आलंय.